अण्णांच्या कॉम्प्युटरला कोणता ब्राउझर?

जुन्या कॉम्प्युटरसाठी ब्राउझर निवडताना आधी ब्राउझर पाहायचा नसतो, कॉम्प्युटर पाहायचा असतो. लासूर स्टेशनच्या घरातला कॉम्प्युटर २०१० सालचा आहे. तो तेव्हाच्या औरंगाबादेत जोडून घेतला होता आणि पॅसेंजरने आणला होता. मॉनिटर खिडकीच्या जागेवर बसला होता आणि अण्णा पोटूळपर्यंत उभे होते. त्याची प्रकृती अशी: विंडोज ७, तीही ३२ बिटची, दोन जीबी रॅम, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क, आणि शेजारी एक यूपीएस, जो वीज गेल्यावर चार मिनिटे टिकतो व त्यांपैकी तीन मिनिटे ओरडतो. डब्यावर आईने क्रोशाचे झाकण घातले आहे. कॉम्प्युटर चालू असताना ते काढून ठेवावे. हवा खेळली नाही की प्रोसेसर तापतो आणि तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. म्हणजे निम्मा आजार झाकणाचाही असू शकतो. हे आईला सांगताना झाकणाच्या नक्षीचे आधी कौतुक करावे.

प्रस्तुत मजकुराचे निमित्त मंगळवारचा फोन हे आहे. तो लासूरहून सकाळी नऊला निघाला आणि म्युनिकला, मुलाच्या घरी, पहाटे साडेचारला पोहोचला. त्यातले पहिले वाक्य ‘गेला रे!’ हे होते. कोण गेले याचा उलगडा म्युनिकच्या घरात तीन मिनिटे झाला नाही. तेवढ्या वेळात सुनेने दिवे लावले होते आणि विमानाचे दर पाहायला सुरुवात केली होती. यापुढे अशा फोनमध्ये कर्ता आधी यावा, क्रियापद नंतर. कॉम्प्युटर ‘गेला’ आहे हे कळल्यावर सविस्तर उपाय विचारले गेले आणि त्यासोबत अट आली: भराभरा बोलू नये, पाठ्यपुस्तकात असते तसे क्रमाने लिहावे, ‘मी-तू’ करू नये, गोट्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणेल. चौतीस वर्षे सातवीला विज्ञान शिकवलेल्या माणसाची अट मोडण्याची प्रथा या घरात नाही.

आता कारणे. ब्राउझर हा दिसायला एक प्रोग्राम असला तरी आतून ते एकत्र कुटुंब असते. पूर्वीच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये सगळ्यांची चूल एक होती. एका पानाचे दूध उतू गेले की सगळे उपाशी. २००८ मध्ये क्रोम आला तो प्रत्येक टॅबला वेगळी चूल मांडून. एक पान करपले तर बाकीची पाने जेवतात. पुढे सुरक्षिततेसाठी एकेका संकेतस्थळालाही स्वतंत्र खोली देण्यात आली, म्हणजे बँकेच्या पानातले जाहिरातीच्या पानाला दिसू नये. फायरफॉक्सही याच वाटेने गेला. सोय चांगली आहे, पण प्रत्येक चुलीला वेगळा गॅस लागतो, वेगळी भांडी लागतात. ही भांडी म्हणजे रॅम. दोन जीबीच्या घरात विंडोजचा संसार आधीच मांडलेला असतो. उरलेल्या जागेत अण्णांच्या अकरा टॅबच्या अकरा चुली पेटतात.

(बाळूकाकांनी खरोखरीच वेगळी चूल मांडली, ही बातमी मिळाली. तिच्यावर म्युनिकचे मत विचारले गेले आहे. मत असे की त्यांनी वेगळा गॅस घेतला असला तरी भाकरी आईच्याच हातची खातात, असे आईनेच त्याच फोनमध्ये दोनदा सांगितले. याला वेगळी चूल म्हणत नाहीत.)

रॅम भरली की कॉम्प्युटर जादा सामान हार्ड डिस्कवर टाकतो आणि लागेल तसे परत आणतो. माळ्यावरचे पिंप काढायला शिडी लावायची, ते उतरवायचे, मग दुसरे वर ठेवायचे, असा हा उद्योग. फिरत्या डिस्कमध्ये खरोखरच एक तबकडी फिरते आणि एक सुई इकडून तिकडे धावते. अण्णा ज्याला ‘घरघर’ म्हणतात ती हीच धावपळ आणि समोरचा लाल दिवा सतत लागून राहतो तोही यामुळेच. अशा वेळी माउस पाच-सहा वेळा दाबल्याने काम लवकर होत नाही. शिडीवरच्या माणसाला खालून आणखी पाच जणांनी हाका मारल्यासारखे होते. तेव्हा ब्राउझर कोणताही असो, टॅब तीनच्या वर नकोत. अकरापैकी चार टॅबमध्ये तोच एक सातबारा आहे, असे गोट्याने गुपचूप कळवले आहे.

दुसरा आजार घड्याळाचा. वीज गेली की अण्णांच्या कॉम्प्युटरवर १ जानेवारी २०१० ही तारीख येते आणि मग बँकेचे, वर्तमानपत्राचे, कुठलेच पान उघडत नाही. ‘आपले कनेक्शन खासगी नाही’ अशी पाटी येते. अण्णांनी यावरून बाळूकाका वायफाय चोरतात असा निष्कर्ष काढला होता. तो मागे घ्यावा. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते आणि ब्राउझर ते कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. लासूरहून रोज शहरात जाणाऱ्यांचा पास टीसी बघतो तसे. टीसीच्याच घड्याळात २०१० साल असेल तर चालू महिन्याचा पास त्याला खोटाच वाटणार. यात पासाचा दोष नाही आणि गाडीचाही नाही.

वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्यासाठी मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिचा क्रमांक सीआर २०३२. पंधरा वर्षांत ती संपणारच. घड्याळवाल्याकडे, मोबाइलच्या दुकानात, कुठेही मिळते. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढायची, बाजूचे झाकण उघडायचे, जुनी बॅटरी नखाने उचकटायची, नवीन बसवायची, लिहिलेली बाजू वर. मग तारीख आणि वेळ एकदा नीट लावायची. संपूर्ण दुरुस्तीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी वस्तू हीच आहे. आईने कॉम्प्युटर सुरू व्हावा म्हणून लासूरगावच्या दाक्षायणी देवीला बोललेला नारळ बॅटरीपेक्षा महाग पडेल अशी शक्यता आहे. तरी तो फोडावा.

(वरचा परिच्छेद आणि खालचा परिच्छेद यांच्या मध्ये कपडे वाळत घातले गेले. म्युनिकमध्ये हिवाळ्यात कपडे घरातच, हीटरजवळ वाळतात. लासूरच्या गच्चीवर दीड तासात वाळणारी चादर इथे दोन दिवस दिवाणखान्यात पाहुण्यासारखी बसून असते.)

तिसरी बाब आयुष्याची, म्हणजे विंडोजच्या. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी निरोप दिला. त्यानंतर सापडलेली भोके बुजवली जात नाहीत. ब्राउझरवाले थोडे अधिक थांबले. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. अण्णांच्या पडद्यावर वर जी पिवळट पट्टी येते आणि जिला ते ‘नोटीस’ म्हणतात, ती हेच सांगत असते. निळ्या ‘ई’चा इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनेच निवृत्त केला. अण्णा स्वतः निवृत्त झाल्यावर दोन वर्षे शाळेत जाऊन बसत असत, तसा तो अजून डेस्कटॉपवर आहे. पण त्याच्याकडून काम घेऊ नये. उरला फायरफॉक्स. त्याची ११५ क्रमांकाची, दीर्घ मुदतीची, ‘ईएसआर’ म्हणतात ती आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली आणि विंडोज ७ वर चालणारी तीच शेवटची. तिची मुदत मोझिलाने पुन्हा पुन्हा वाढवली. ई-पीक पाहणीला मुदतवाढ मिळते तेव्हा जो आनंद बाजार समितीच्या कट्ट्यावर असतो तोच इथे घ्यावा, पण मुदतवाढ म्हणजे माफी नव्हे हेही तिथल्या लोकांना सांगावे लागत नाही.

म्हणून विंडोज ७ ठेवायचीच असेल तर उत्तर एका शब्दाचे आहे: फायरफॉक्स. तो मराठीतही मिळतो. मेनू मराठी करून घेता येतात. फक्त मेनूतले मराठी शब्द वाचून अण्णांनी भाषाशुद्धीवर पत्र पाठवू नये.

फायरफॉक्सची बाजू घेण्याचे खरे कारण मात्र जाहिराती. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर बातमी चार ओळींची असते. ती आणण्यासाठी जो पसारा येतो त्यात हलणारी चित्रे, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, वाचक कोण आहे हे शोधणाऱ्या आज्ञावल्या असतात. एकेक पान दोन-अडीच मेगाबाइटचे सहज होते. नवा कॉम्प्युटर हे ओझे हसत उचलतो. जुना त्याखाली बसतो. ‘यूब्लॉक ओरिजिन’ नावाचे एक मोफत जोडपत्र फायरफॉक्समध्ये बसवले की हा पसारा दारातच अडतो. जुन्या कॉम्प्युटरचा वेग ब्राउझर बदलल्याने जितका वाढत नाही तितका याने वाढतो. क्रोमने जोडपत्रांचे नियम बदलून या मूळ जोडपत्राला बाहेर काढले आणि तिथे आता त्याची हलकी, ‘लाइट’ आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये मूळचे अजून चालते. नाव नीट पाहून घ्यावे. जत्रेत एकाच नावाची तीन रसवंतिगृहे असतात तशी नकली जोडपत्रेही असतात.

सोमवारी रात्री पडद्यावर आलेली लाल चौकट, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा’, तीसुद्धा जाहिरातच होती. व्हायरस मोजून सांगणारे कुणी बाहेर बसलेले नसते. अण्णांनी त्या नंबरवर फोन केला नाही ही अभिनंदनाची गोष्ट आहे. नंबर परदेशातला, म्हणजे आयएसडी महाग पडेल, म्हणून केला नाही असे त्यांनी सांगितले. काटकसरीने माणूस कशाकशातून वाचतो याचे हे उदाहरण गोट्याने लक्षात ठेवावे.

हलके म्हणून मिरवणारे आणखी बरेच ब्राउझर आहेत. त्यांच्यावर फार वेळ घालवण्यासारखे नाही. डिलो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडतो, पण त्याला जावास्क्रिप्ट येत नाही, त्यामुळे बँकेचे पान कोऱ्या वहीसारखे दिसते. १९९२ पासून चालत आलेला लिंक्स फक्त अक्षरे दाखवतो. चित्र एकही नाही. आकाशवाणीवरच्या बातम्यांची ज्यांना सवय आहे त्यांना तो आवडेल, सातबारा मात्र निघणार नाही. पेल मून फायरफॉक्सच्या जुन्या संसारातून फुटून निघालेला आहे आणि बरा चालतो, पण नवी संकेतस्थळे त्याला अधूनमधून ओळख दाखवत नाहीत. सुपरमियम क्रोमची नवी मांडणी विंडोज ७ वर आणि अगदी एक्सपीवरही चालवून दाखवतो. करामत खरीच आहे, पण खालची विंडोज जुनी ती जुनीच राहते. भिंत पडकी असताना दरवाजा नवा बसवण्यातली गत. त्यावर बँकेचा पासवर्ड टाकू नये. शकूआत्यांच्या जावयांनी पेनड्राइव्हवर आणून दिलेला ‘फास्ट ब्राउझर’ कोणता आहे ते कळत नाही. तो काढून टाकावा आणि जावयांना सांगू नये.

शकूआत्यांचा विषय निघालाच आहे. प्राजूसाठी त्यांनी आणलेले स्थळ म्युनिकला असते, ‘म्हणजे ओळखत असशीलच’, असा निरोप आला. म्युनिकची लोकसंख्या पंधरा लाखांवर आहे. त्यातल्या गणपतीला येतात तेवढ्या मराठी माणसांना विचारून झाले; मुलगा उंच आहे आणि पोळ्या स्वतः करतो एवढीच माहिती मिळाली. प्राजूला यांपैकी कशात रस आहे हे मात्र कुणी तिला विचारल्याचे ऐकिवात नाही.

अण्णांनी पाठवलेले पार्सल मिळाले. ते सरळ घरी आले नाही, कस्टमच्या कचेरीतून सोडवून आणावे लागले. जर्मनीत परदेशातून आलेली घरगुती भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते. अण्णांनी फॉर्मवर किमतीच्या रकान्यात स्वाभिमानाने सहा हजार रुपये लिहिले, म्हणजे साठेक युरो. त्यामुळे पार्सल अधिकाऱ्यासमोर उघडले गेले. त्याने हातमोजे घातलेल्या बोटांत एक कुरडई धरून हे यंत्राचा भाग आहे काय असे विचारले. सुनेने ‘गव्हाच्या चिकाची शेवई’ हे जर्मनमध्ये सांगण्याचा प्रयत्न केला, तो फारसा यशस्वी झाला नाही. शेवटी कोपरा मोडून खाऊन दाखवला. तुपाची बरणी तिथेच राहिली, कारण युरोपीय संघाबाहेरून टपालाने दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, कुरडया घरी पोहोचल्या. पुढच्या वेळी किंमत खरी लिहावी. अण्णांच्या मते ती ‘अमूल्य’ असली तरी रकान्यात आकडाच लागतो.

जुना कॉम्प्युटर नुसता घरात असणे हा जर्मनीत एके काळी कराचा विषय होता, हे या संदर्भात सांगण्यासारखे आहे. इथे रेडिओ-दूरदर्शनसाठी एक वर्गणी भरावी लागते. तिचे नाव रुंडफुंकबायट्राग. फोनवर हे नाव ऐकून अण्णांनी ‘रुंड फुंकायचा कर?’ असे विचारले होते आणि आईला रुंडमाळ आठवली होती. नावाचा अर्थ नुसताच ‘प्रसारण-वर्गणी’ असा असला तरी दोघांचा अंदाज परिणामाच्या दृष्टीने चुकला नव्हता. महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे एकदम ५५.०८. रुपयांत साडेपाच हजारांच्या आसपास. तेही टीव्ही असो वा नसो. म्युनिकच्या घरात टीव्ही नाही. तसे पत्राने कळवल्यावर आलेल्या उत्तरात अभिनंदन नव्हते, पावती होती.

पूर्वी ही वर्गणी वस्तूवर होती: रेडिओ असेल तर इतकी, टीव्ही असेल तर तितकी. २००७ पासून इंटरनेट जोडलेला कॉम्प्युटरही ‘नव्या प्रकारचा प्रसारण-ग्राहक’ ठरला आणि ज्याच्याकडे रेडिओही नव्हता, टीव्हीही नव्हता, त्यालाही महिन्याला ५.५२ युरो भरावे लागू लागले, कारण त्याने मनात आणले तर तो कॉम्प्युटरवर रेडिओ ऐकू शकला असता. २०१३ पासून वस्तू मोजणे सोडून दिले आणि दरडोई नाही तर दरघरी वर्गणी लावली. म्हणजे छप्पर आहे ना, मग भरा. हे ऐकून हसू आले तर माळ्यावरची आजोबांची ट्रंक उघडून पाहावी. तिच्यात रेडिओच्या परवान्याचे पुस्तक आहे, पोस्टात पैसे भरून तिकिटे चिकटवलेले. आपल्याकडे ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली. पुस्तक सापडले तर फोटो काढून पाठवावा; इथल्या पावतीशेजारी लावायचा आहे.

मूळ विषयाकडे येता, विंडोज ७ वर फायरफॉक्स हा तात्पुरता इलाज आहे. कायमचा इलाज विंडोजच बदलण्याचा. विंडोज १० टाकण्यात अर्थ नाही. तिचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि ११ या यंत्राला आपल्या उंबऱ्यावरही उभी करत नाही. उरते लिनक्स. लिनक्स मिंट नावाची मोफत प्रणाली आहे. तिचा एक्सएफसीई हा हलका अवतार घ्यावा. तिला किमान दोन जीबी रॅम चालते, चार असेल तर बरे. अण्णांची विंडोज ३२ बिटची असली तरी आतला प्रोसेसर ६४ बिटचा आहे, त्यामुळे मिंट चालेल. ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता. तिच्यावर फायरफॉक्सची ताजी आवृत्ती मिळते, सुधारणा येत राहतात आणि मराठी जोडाक्षरेही नीट दिसतात.

लिनक्स म्हणजे फुकटे, कच्चे काम, असे बाळूकाकांचे मत असल्याचे कळते. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकतात. आपल्या सीडॅकने ‘बॉस’ नावाची लिनक्स काढली आहे. आणि म्युनिकचीच गोष्ट घ्यायची तर इथल्या नगरसभेने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सकडे जायचे ठरवले. मन वळवायला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर क्रिस्टियान उडे यांना येऊन भेटले. महापौर वळले नाहीत. २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास सरकारी कॉम्प्युटर लिनक्सवर गेले. प्रामाणिकपणासाठी पुढचेही सांगायला हवे: २०१७ मध्ये नव्या मंडळींनी परत विंडोजकडे जायचे ठरवले. बाळूकाका या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारतील. त्यांना एवढेच विचारावे की पंधरा हजार टेबले आणि एक टेबल यांत फरक आहे की नाही.

अडचण एक आहे. अण्णांचे ‘माझी शाळा’ हे चाळीस पानी लिखाण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. ते युनिकोड नाही. दुसरीकडे उघडले की त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून जुनी हार्ड डिस्क पुसायची नाही. ती काढून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि तिच्या जागी लहानशी एसएसडी बसवायची, १२० किंवा १२८ जीबीचीही पुरे. एसएसडीत फिरणारे काही नसते; शिडी, माळा, सगळे संपते. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे झाले तर त्यावर घालावेत. रॅम दोनाची चार करावी. या वयाच्या मदरबोर्डची रॅम नवी मिळणे कठीण, पण शहरात दुरुस्तीच्या दुकानांत जुन्या यंत्रांतून काढलेली मिळते. आपली पट्टी सोबत नेऊन तिच्यासारखीच मागावी. ‘यापेक्षा नवा घ्या काका’ असे दुकानदार म्हणेल. तो मुलासारखा वाटला तरी ऐकू नये.

कीर्तने यूट्यूबवर अडखळतात त्याचे कारण वेगळे आहे. यूट्यूब व्हिडिओ नव्या पद्धतीने दाबून पाठवते. तो उलगडण्याचे काम नव्या यंत्रांत एक खास चिप करते, जुन्यात ते सगळे प्रोसेसरच्या अंगावर पडते. ‘एच २६४ इफाय’ नावाचे जोडपत्र यूट्यूबकडून जुन्या, सोप्या पद्धतीचा व्हिडिओ मागून घेते. शिवाय चित्राचा दर्जा ३६० वर ठेवावा. कीर्तनकार ३६० मध्येही तेवढेच रागावतात.

व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा थोडा खाली वाकवावा. म्युनिकमधली नात आजोबांना कपाळ आणि पंखा यांवरून ओळखते. चित्रकलेच्या वहीत तिने ‘माझे आजोबा’ काढले त्यात पंखा मोठा आहे. कॉल चालू असताना बाकीचे टॅब बंद असावेत. आणखी एक. कॉलच्या सेटिंगमध्ये ‘आवाज गाळणे’ नावाची सोय असते. माणसाचा आवाज ठेवून मागचा गोंगाट ती पुसून टाकते. जुन्या प्रोसेसरला त्याचाही भार होतो, म्हणून ती बंद करावी. पुस्तकात कारण एवढेच लिहिता येईल. पण गेल्या महिन्यात गोट्याने ती चालू केल्यापासून सहाच्या सुमाराला जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, आईच्या कुकरची शिट्टी येत नाही, आणि मागे कोण कुणाला ‘दूध आलं का’ विचारते तेही येत नाही. चित्र थांबून थांबून आले तरी चालेल. भोंगा यावा.

अंगणातल्या लिंबाची रस्त्याकडची फांदी बाळूकाकांच्या गाडीसाठी तोडली, ही बातमी आईने फोन ठेवता ठेवता, ‘बरं ठेवते’च्या नंतर सांगितली. तिच्याबद्दल या मजकुरात काही लिहायचे ठरवले नव्हते. त्याच फांदीला झोका होता. उरलेल्या झाडाचा एक फोटो, गाडी न येता, पाठवावा.

वापराचे नियम थोडे आहेत. वीज जाण्याआधी कॉम्प्युटर रीतसर बंद करावा. यूपीएसच्या ओरडण्याची वाट पाहू नये. ब्राउझरमध्ये ‘मागचे टॅब पुन्हा उघडा’ ही खूण काढून टाकावी. सातबारा एकदा उतरवून घेतला की पीडीएफ साठवून ठेवावा, रोज नवा काढू नये. जमीन रात्रीतून हलत नाही. बँकेचे व्यवहार मिंट बसेपर्यंत कॉम्प्युटरवर अजिबात करू नयेत, फोनवर करावेत. अण्णांचा फोन कॉम्प्युटरपेक्षा बारा वर्षांनी तरुण आहे. अक्षर दिसत नसेल तर ते मोठे करता येते. त्यासाठी पासवर्ड शेजाऱ्याला वाचून दाखवण्याची गरज नाही. कॅलेंडरच्या मागे लिहिलेला पासवर्डही खोडावा, तो व्हिडिओ कॉलमध्ये दिसतो.

निर्णय असा: आज बॅटरी, फायरफॉक्स आणि यूब्लॉक, महिनाभरात एसएसडी, रॅम आणि मिंट, त्यावरही फायरफॉक्सच. नवा कॉम्प्युटर घेऊ नये आणि म्युनिकहून पैसे पाठवू का असे पुन्हा विचारल्यावर अण्णांनी फोन आईकडे देऊ नये.

मिंट बसवण्याच्या कामासाठी गोट्याने रविवारी संध्याकाळी पाचला, पेनड्राइव्ह हातात घेऊन, कॉलवर यावे. म्युनिकमध्ये तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. रविवारी इथे दुकाने बंद असतात, भिंतीला ड्रिल लावायला आणि काचेच्या बाटल्या पेटीत टाकायलाही मनाई असते, त्यामुळे दिवसभर वेळच वेळ आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे जातात, तेव्हापासून लासूरच्या पाचला इथे दीड वाजेल. गाडी वेळेवर असली तर सहाला भोंगा होईल. तोपर्यंत कॉल चालू ठेवावा.